साथीच्या कायद्यात साखर कुठे होती?

साथींचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा जंतूचा इतिहास सांगतो. तो कुठून आला, कसा पसरला, लस कधी निघाली. आज थोडं वेगळं पाहू. साथ येण्याआधीपासूनच जे आजारी होते, त्यांचं साथीत काय झालं? उदाहरण घेऊ मधुमेहाचं, आणि काळ २०२० व २०२१ या दोन वर्षांचा. पण त्यासाठी आधी १८९६ सालच्या मुंबईत जावं लागेल.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. काही महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा मंजूर झाला. अगदी छोटा कायदा; जेमतेम चार कलमांचा. सरकारने विशेष अधिकार हाती घ्यावेत, रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी करावी, संशयितांना वेगळं ठेवावं, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि आदेश राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येऊ नये, असा त्याचा सारांश. पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरोघरी झडत्या झाल्या, आणि त्याच रागातून २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

या कायद्याच्या दडपशाहीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याच्या एका गृहीतकाकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. या कायद्यापुढे माणसं दोनच प्रकारची होती: ज्याला लागण झाली आहे तो, आणि ज्याला अजून झालेली नाही तो. पहिल्याला वेगळं काढायचं, दुसऱ्याला वाचवायचं. ज्याला रोज औषध लागतं, ज्याचा जीव दुकान उघडं असण्यावर अवलंबून आहे, असा तिसरा माणूस त्या चित्रात नव्हता. १८९७ साली तो फारसा असणंही शक्य नव्हतं. मधुमेहावर तेव्हा खाणंपिणं तोडण्यापलीकडे मोठा उपाय नव्हता. जानेवारी १९२२मध्ये टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, आणि त्यानंतरच हा तिसरा माणूस जगात मोठ्या संख्येनं दिसू लागला: आजारी, पण औषधाच्या आधारावर वर्षानुवर्षं कामधंदा करणारा.

आता एकदम २०२०मध्ये येऊ. भारतात या तिसऱ्या माणसाची संख्या आता कोटींत मोजावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीनं झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमधलं त्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं ते गोव्यात, २६ टक्क्यांच्या वर. म्हणजे चार माणसांत एक.

२५ मार्च २०२० रोजी देश बंद झाला. लागू झाला तो हाच १८९७चा कायदा, जोडीला २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. औषधांची दुकानं बंदीतून वगळली होती, पण दुकानापर्यंत जाणारी बस बंद होती. अनेक ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग बंद पडले किंवा कोविडच्या कामाला लागले. बंद खोलीत चालणं कमी, मजुरी बुडाल्यामुळे जेवणात भात-पोळी जास्त आणि भाजी-डाळ कमी. रक्तातली साखर वाढायला आणखी काय लागतं?

सरकारला हे अजिबात सुचलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, दूरवैद्यकाचे नियम जाहीर झाले. डॉक्टरांना जुन्या रुग्णाची चालू औषधं फोनवरून पुन्हा लिहून देण्याची स्पष्ट मुभा मिळाली. एप्रिलमध्ये केंद्रानं राज्यांना सूचना दिल्या, की जुनाट आजारांच्या रुग्णांचा औषधपुरवठा चालू ठेवा. पण मधुमेहाचं दुखणं असं, की गोळी चालू असली तरी मोजमाप थांबलं की आजार आंधळा होतो. गोळी फोनवर लिहून देता येते. साखर फोनवरून मोजता येत नाही.

आणि मोजणं किती महत्त्वाचं होतं, याचा पुरावा फार लवकर आला होता. चीनच्या हुबेई प्रांतातल्या सात हजारांहून अधिक कोविड रुग्णांचा अभ्यास २०२०च्या उन्हाळ्यातच प्रसिद्ध झाला. त्यांतले ९५२ मधुमेही होते. रुग्णालयात ज्यांची साखर साधारण ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे १ टक्का होतं. ज्यांची त्यावर गेली, त्यांच्यात ११ टक्के. साखर चढलेले लोक मुळातच जास्त आजारी असतील, हे धरलं तरी हा फरक डोळ्यांत भरणारा होता. इंग्लंडमधली आकडेवारीही त्याच सुमाराला आली: पहिल्या लाटेत तिथल्या रुग्णालयांत कोविडनं दगावलेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोक मधुमेही होते.

मग १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधून चांगली बातमी आली. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड गंभीर कोविडमध्ये जीव वाचवतं असं मोठ्या चाचणीत दिसलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं, ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे सुमारे एकपंचमांशानं घटले. मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. पण त्याच चाचणीचा दुसरा निष्कर्षही होता: ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही, त्यांना या औषधाचा फायदा दिसला नाही. जूनअखेरीस आपल्या आरोग्य मंत्रालयानंही डेक्सामेथासोन उपचारपद्धतीत घेतलं.

स्टेरॉइड यकृताला जास्त साखर सोडायला लावतं आणि स्नायूंना इन्सुलिनला दाद देऊ देत नाही. शिवाय सकाळी घेतलेल्या मात्रेचा परिणाम दुपारनंतर आणि संध्याकाळी चढतो. म्हणजे पहाटे उपाशीपोटी साखर तपासली तर ती बरी दिसू शकते आणि दुपारच्या जेवणानंतर तीच ३००च्या पुढे गेलेली असू शकते. आपल्याकडे बहुतेकांची सवय तर ‘फास्टिंग’ तपासायची! औषध जीव वाचवणारं होतं, पण त्याच्या जोडीला दिवसातून तीन-चार वेळा बोटाला सुई टोचणं आवश्यक होतं. गर्दीनं भरलेल्या वॉर्डात, किंवा चिठ्ठी पुढे पाठवून घरीच गोळ्या घेणाऱ्या कुटुंबात, हे कितपत झालं असेल?

त्याचं उत्तर म्युकरमायकोसिसनं दिलं. ही बुरशी माती, शेणखत, कुजका पाला यांत सगळीकडे असते आणि निरोगी माणसाला सहसा काही करत नाही. ती काळीही नसते. काळा पडतो तो रक्तपुरवठा तुटून मेलेला शरीराचा भाग. साखर फार वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, आणि रक्तात आम्लता वाढली की बुरशीला हवं असलेलं लोह मोकळं होतं. मग नाकातून सायनस, तिथून डोळा, तिथून मेंदू असा तिचा रस्ता. परदेशात हा आजार मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाच्या आणि अवयवरोपण झालेल्या रुग्णांत दिसतो. आपल्याकडे कोविडच्या आधीपासून तो प्रामुख्यानं अनियंत्रित मधुमेहाचा सोबती होता.

देशातल्या १६ केंद्रांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२०मधल्या २८७ रुग्णांचा अभ्यास केला. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा रुग्ण दुपटीहून अधिक होते. कोविडनंतर हा आजार झालेल्यांपैकी सुमारे ६३ टक्क्यांना अनियंत्रित मधुमेह होता, आणि गरज नसताना किंवा प्रमाणाबाहेर दिलेल्या स्टेरॉइडचा संबंधही दिसला. म्हणजे इशारा पहिल्या लाटेतच मिळाला होता. मात्र तो अभ्यास प्रसिद्ध होईपर्यंत दुसऱ्या लाटेचा कळस होऊन गेला होता.

मे २०२१मध्ये राजस्थाननं म्युकरमायकोसिसला साथ म्हणून जाहीर केलं. २० मे रोजी केंद्रानं सगळ्या राज्यांना सांगितलं, की १८९७च्या कायद्याखाली या आजाराची प्रत्येक नोंद कळवणं बंधनकारक करा. अँफोटेरिसिन-बी या औषधासाठी नातेवाईक शहरोशहरी फिरत होते. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४ हजार ३००हून अधिक मृत्यू नोंदले गेले; सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात, त्याखालोखाल गुजरातेत. कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला, कित्येकांनी डोळा गमावला. कोविडमधून वाचलेली माणसं होती ही.

एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या कायद्याला बुरशी समजली, कारण तिला नाव होतं, रुग्ण मोजता येत होते, औषधाचं वाटप करता येत होतं. पण बुरशीला वाट करून देणारी वाढलेली साखर त्या कायद्याला दिसत नव्हती. ती ना संसर्ग होती, ना गुन्हा. देशात मधुमेहासाठी २०१०पासून वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम होता, साथीसाठी वेगळी यंत्रणा होती, आणि रुग्ण मात्र एकच होता. दोन टेबलांच्या मधल्या जागेत तो पडला.

दुसऱ्या लाटेत लाखो घरांनी ऑक्सिमीटर विकत घेतले. ९४च्या खाली गेलं की धावपळ करायची, हे लहान मुलांनाही पाठ झालं. त्याच कपाटात अनेकांच्या घरी ग्लुकोमीटर पडलेला होता. पट्ट्या संपलेल्या किंवा मुदत गेलेल्या. एका आकड्यासाठी आपण देशभर एक भाषा तयार केली, दुसऱ्यासाठी केली नाही. पैशांची अडचण खरी होती, पण ऑक्सिमीटरही फुकट मिळत नव्हते. फरक एवढाच, की एका आकड्याबद्दल सगळे बोलत होते.

पुढची साथ कोणत्या जंतूची असेल हे सांगता येत नाही. कदाचित ती साथ नसेल, पूर असेल. पण तेव्हाही या देशात दहा कोटी मधुमेही असतील, हे आजच सांगता येतं. म्हणून साथीच्या पहिल्या दिवसाच्या आदेशात रेल्वे, शाळा आणि बाजार यांच्यासोबत आणखी एक ओळ हवी: जुनाट आजारांची औषधं, इन्सुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या कोण, कुठून, किती दिवसांच्या पोचवणार. आणि स्टेरॉइडच्या प्रत्येक चिठ्ठीवर दुसरी ओळ हवी: दुपारच्या जेवणानंतरची साखर तपासा. १८९७ साली या दोन ओळी लिहिणं कोणालाच शक्य नव्हतं. आज आहे.