बोटाखाली झाकलेला आकडा

१/ टॅब्लेटवरील एखाद्या आलेखाला बोट लावून पाहा. ज्या बिंदूचा आकडा हवा असतो, नेमका तोच बोटाखाली झाकला जातो. ही अडचण २०१० साली आयपॅडबरोबर आली असा समज आहे. वस्तुतः तिचे उत्तर त्याच्या बावीस वर्षे आधी सापडले होते.

२/ स्पर्शपडदा करमणुकीसाठी जन्मला नाही. १९६५ साली इंग्लंडमधील माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी त्याची कल्पना मांडली. हवाई वाहतूक नियंत्रकाला कळफलकावर टंकत न बसता पडद्यालाच स्पर्श करून काम करता यावे, हा त्याचा एक प्रमुख उपयोग होता.

३/ १९७२ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो ४' या शैक्षणिक संगणकाच्या पडद्यावर अवरक्त किरणांची जाळी आली. बोटाने किरण अडला की जागा कळे. परंतु जागा अवघ्या २५६! उत्तराचा पर्याय निवडण्यास त्या पुरेशा होत्या. दाट नकाशातील एक बिंदू टिपण्यास नव्हेत.

४/ १९८८ साली मेरीलँड विद्यापीठात रिचर्ड पॉटर, लिंडा वेल्डन आणि बेन श्नायडरमन यांनी स्पर्शाच्या तीन पद्धती पडताळून पाहिल्या. त्यांपैकी एकीत दर्शकखूण बोटाच्या किंचित वर दिसे आणि निवड बोट टेकवताना नव्हे, तर उचलताना होई. चुका सर्वांत कमी याच पद्धतीत झाल्या.

५/ २००७ च्या आयफोनच्या कळफलकावर दाबलेले अक्षर बोटाच्या वर उमटले, ते याच तत्त्वाने.

६/ १९९२ साली त्याच विद्यापीठात 'होमफाइंडर' तयार झाला. वॉशिंग्टनच्या नकाशावर प्रत्येक घर म्हणजे एक बिंदू. किमतीची पट्टी सरकवताच न परवडणारी घरे तत्क्षणी नाहीशी होत. वाचक आता आकड्यांना स्वतः प्रश्न विचारू लागला.

७/ माउसचा बाण बिंदूवर नुसता रेंगाळला तरी माहिती उघडते. बोटाला तशी सोय सहसा नसते. म्हणून माउससाठी रचलेला आलेख जसाच्या तसा टॅब्लेटवर आणला, की त्यातील आकडेच दिसेनासे होतात.

८/ हानी केवळ सोयीची नाही. आकडा तपासता आला नाही, तर वाचकापाशी उरतो तो आलेखाचा मथळा आणि तो लिहिणाऱ्यावरचा विश्वास. बोटाच्या वर सरकवलेल्या त्या छोट्या खुणेने वाचकाचा पडताळणीचा अधिकार राखला होता.