घेणाऱ्याला झेपेल तेवढंच

परवा माळा आवरताना पंचवीस पिनांची एक जाडजूड केबल सापडली. बायको म्हणाली, "टाकून दे." टाकवेना.

त्याचं असं झालं. १९९४ साली आमच्या गावच्या पतसंस्थेत संगणक नवा आणि तो चालवणारा मीही नवा. दुसऱ्या दिवशी वार्षिक सभा, सभासदांची यादी छापायची, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नुसती अगम्य चिन्हं ओकतोय! रात्री आप्पाकाका डबा घेऊन आले. तारखात्यात टेलिप्रिंटरवर उभी हयात गेलेली. कागद बघून म्हणाले, "दोन्हीकडची गती एकच आहे ना रे?" मी वैतागून म्हणालो, "काका, ही तार नाही, संगणक आहे."

तारच होती ती. हे मला फार उशिरा कळलं.

फ्रेंच तारखात्यातल्या एमील बोदोने १८७४ साली पाच स्पंदांच्या लिपीचं पेटंट घेतलं. गती मोजायचं 'बॉड' हे एकक त्याच्याच नावावरून आलं. पण त्याच्या यंत्रावर ऑपरेटरला यंत्राच्या ठेक्यात कळा दाबाव्या लागत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चार्ल्स आणि हॉवर्ड क्रम या बापलेकांच्या टेलिप्रिंटरने ही सक्ती संपवली. प्रत्येक अक्षराआधी 'सुरू'चा स्पंद, शेवटी 'थांबा'चा. तेवढ्यात यंत्राला पुढच्या अक्षरासाठी सज्ज होता येई. १९६० साली आरएस-२३२ हे मानक आलं, संगणकाला प्रिंटर जोडले गेले, पण ही रीत कायम राहिली.

माझ्या संगणकावर होतं ९६००, एन, ८, १. म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, पॅरिटीची तपासणी नाही, अक्षराला ८ बिट आणि थांब्याचा १. सुरुवातीचा बिट धरून अक्षरामागे १०, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. प्रिंटरच्या पोटातले बारके स्विच मात्र १२०० वर. दोघांचंही काही चुकत नव्हतं. पण गती किती, हे तार सांगत नाही. ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.

मी प्रिंटरच ९६०० वर नेला. यादी उमटली, पण दुसऱ्या पानावर नावं गळायला लागली. प्रिंटर भरला की त्याने 'थांब' म्हणायचं असतं, पण ते संगणकाला ऐकूच जात नव्हतं. काका शांतपणे म्हणाले, "हळू पाठव. घेणाऱ्याला झेपेल तेवढंच पाठवायचं." दोन्हीकडे १२०० केलं. सेकंदाला १२० अक्षरं, तेवढी त्याला झेपली. पहाटे तीनपर्यंत काका कागद सरळ धरून उभे होते.

जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. काका त्याआधीच गेले. त्या रात्रीच्या बोलण्याबद्दल त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

असो. केबल पुन्हा माळ्यावर ठेवली आहे.