म्हातारपणातला मोडलेला खांदा : बांबूच्या कामट्यांपासून प्लेटपर्यंत

उतारवयात पाय घसरून माणूस हातावर किंवा थेट खांद्यावर पडला, की दंडाचे हाड बहुधा वरच्या टोकाशी, सांध्यात बसणाऱ्या गोलाच्या खाली मोडते. तिथले हाड आतून जाळीदार असते आणि वयाबरोबर ती जाळी विरळ होत जाते. या अस्थिभंगावर धातूची प्लेट बसवणे ही अलीकडची गोष्ट. तुकडे जुळेपर्यंत धरून कसे ठेवायचे, हा प्रश्न मात्र फार जुना.

सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सेत वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबू बांधायला सांगितले आहेत. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिरावत नाही, फार आवळली तर सूज आणि वेदना, हेही तिथे आहे. थंडीत ती सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडायची. निखळलेला खांदा काखेत मुसळ घालून वर उचलायचा आणि स्वस्तिकबंधाने बांधायचा. सर्वांत मोलाची नोंद वयाची आहे: लहान वयात हाड महिन्यात जुळते, मध्यम वयात दुप्पट आणि वृद्धपणी तिप्पट काळ लागतो.

पुढच्या काळातले एक उदाहरण उज्जैनचे. शिंद्यांच्या अमलात अठराव्या शतकापासून तिथे मराठी कुटुंबे स्थिरावली. अशा गावांत हाड मोडले की हाडवैद्य किंवा तालमीतला वस्ताद गाठायचा, तेल चोळायचे, कामट्या बांधायच्या. तुकडा सरकला आहे का, हे बोटांनी चाचपूनच ठरे. पुढे इंदूरला १८७८ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, १९४८ मध्ये महाविद्यालय झाले. उज्जैनहून इंदूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. उज्जैनचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय २००१ मधले.

हाडावर प्लेट बसवण्याचा पहिला प्रसिद्ध वृत्तान्त १८८६ चा, हॅम्बुर्गच्या हान्समान यांचा. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. १९३४ मध्ये बोस्टनच्या कॉडमन यांनी दाखवले, की हे टोक चार तुकड्यांत फुटते: गोल, दोन उंचवटे आणि दांडा. त्यावरून नीअर यांनी १९७० मध्ये वर्गीकरण केले. तुकडा एक सेंटिमीटर सरकला किंवा ४५ अंशांनी वाकला, तर तो विस्थापित मानायचा. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या, हाडांच्या शल्यविशारदांच्या एओ गटाने प्लेट-स्क्रूचे तंत्र शिस्तीत बांधले.

तरुणांत ते यशस्वी ठरले. म्हाताऱ्यांच्या खांद्यात स्क्रू पोकळ हाडातून निसटत. साधी प्लेट स्क्रूच्या ओढीने हाडावर दाबून बसते, आणि पकड घ्यायला हाडच नसेल तर दाब कुठून येणार? एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या माथ्याचे आटे प्लेटच्या भोकातच अडकतात, म्हणून कोन ढळत नाही. ही सुधारणा खरी होती आणि तिचा वापर झपाट्याने वाढला. पण स्क्रू पक्का राहून गोलच खाली बसला, तर त्याचे टोक सांध्यात घुसते. गोलाचा रक्तपुरवठा तुटला असेल तर हाड मृत होते.

मग तपासणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रोफर चाचणीत २५० रुग्ण होते, सरासरी वय ६६. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेले आणि केवळ झोळीत हात ठेवून व्यायाम केलेले, यांच्या खांद्यांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. खांदा निखळलेले रुग्ण मात्र त्या चाचणीत नव्हते, आणि हा अपवाद विसरून तिचा निष्कर्ष सगळ्यांना लावणे चूक ठरेल. २०२० च्या नॉर्वेतील चाचणीत ६५ ते ८५ वयाच्या, तुकडे फार सरकलेल्या रुग्णांत प्लेटपेक्षा उलटा, म्हणजे गोल आणि वाटी यांची जागा बदललेला, कृत्रिम सांधा सरस ठरला. त्याची आधुनिक रचना फ्रान्सच्या ग्रामों यांनी १९८५ मध्ये केली होती. त्यामुळे वृद्धांत आता प्लेट मुख्यतः त्यांनाच बसवतात, ज्यांचे हाड बऱ्यापैकी घट्ट आहे, तुकडे सरकलेले आहेत आणि गोल जगण्याची शक्यता आहे.