गाडी का ओढत नाही? टर्बोच्या दुरुस्तीचा अलिखित इतिहास

यंत्राचा इतिहास लिहिताना शोध कोणी लावला, कारखाना कोणी काढला, एवढे नोंदवून आपण थांबतो. ते यंत्र बिघडले तेव्हा बिघाड कसा ओळखला गेला, याची नोंद क्वचितच होते. परभणी, मानवत, जिंतूर, गंगाखेड इथल्या गॅरेजांत माझे जाणे-येणे असते. तिथे वारंवार कानी पडणाऱ्या एका तक्रारीने मला या अलिखित इतिहासाकडे वळवले. तक्रार तीनच शब्दांची : "गाडी ओढत नाही." ती पुष्कळदा टर्बोच्या गाडीबद्दल असते, आणि निदान चुकले तर मालकाच्या खिशाला मोठी कात्री लागते.

टर्बोचार्जरची कल्पना सोपी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. हवा वाढली की इंधन अधिक जाळता येते आणि ताकद वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने 1918 मध्ये पाइक्स पीक या सुमारे चौदा हजार फूट उंचीच्या शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन, विरळ हवेतही त्याची ताकद टिकते हे दाखवले. ब्युखीला मात्र खरे यश 1925 च्या सुमारास जहाजांच्या डिझेल इंजिनांवर मिळाले. दहा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली.

दाब निर्माण करणे जमले, पण तो आवरणे अवघड होते. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार आली. पेट्रोल इंजिनात हवा जास्त दाबली की मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात. ते टाळण्यासाठी या गाडीत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई आणि त्याची वेगळी टाकी असे. टाकी रिकामी झाली की एक झडप दाब कमी करी, म्हणजे इंजिन वाचे आणि गाडी मंद चाले. मालक टाकी भरायला विसरत आणि गाडीत दम नाही म्हणून तक्रार करत. पुढे कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. दोन वर्षांत जेमतेम साडेनऊ हजारांवर गाड्या बनल्या आणि त्यांतल्या कित्येकींचे टर्बो असे निघाले. टर्बो धड होता, नियंत्रणाची व्यवस्था आपले काम करत होती, तरी शिक्षा टर्बोला झाली. आजच्या गाड्यांतला 'लिम्प मोड', म्हणजे धोका दिसताच संगणकाने ताकद तोडणे, ही त्या झडपेचीच पुढची पिढी आहे.

त्याच 1962 साली भारतीय रेल्वेत अमेरिकेच्या अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-2 इंजिने दाखल झाली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती आणि टर्बो. मनमाड-परभणी-पूर्णा मार्ग 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाल्यावर अल्को घराण्याची ही इंजिने आपल्याकडे सर्रास दिसू लागली. गाडी सुटताना त्यांच्यातून काळा लोट उठे. चालकाने नॉच वाढवली की डिझेल लगेच वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात अपुऱ्या हवेत जळलेल्या डिझेलची ती काजळी असे. हवा आणि डिझेल यांचा हिशेब चुकला की धूर काळा होतो, हा धडा पूर्णेच्या फलाटावर कोणालाही फुकट मिळत होता.

मोटारीत दाब आवरण्याचा टिकाऊ मार्ग रुळवला तो 1977 मध्ये सादर झालेल्या स्वीडनच्या साब 99 टर्बोने. तिच्यात वेस्टगेट होते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंगवरचा पडदा सरकून एक झडप उघडते आणि जादा वायू टर्बोला वळसा घालून निघून जातो. आपल्याकडे 1998 मध्ये टाटांची सफारी आणि 2002 मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ यांनी टर्बो डिझेल खेड्यापाड्यांत पोचवले. पुढे फिरत्या पात्यांचे टर्बो आले. अशा अनेक इंजिनांत ती पाती व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळीवर आणि एका विजेच्या झडपेवर हलतात. थोडक्यात, हजारो रुपयांचा टर्बो बोटाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या नळीच्या हुकमात आला.

बीएस-4 मानकाच्या गाड्यांना 1 एप्रिल 2013 पासून ओबीडी-2 ही स्व-तपासणी लागू झाली. गॅरेजात स्कॅनर आला. दाब कमी असेल तर तो पी-0299 हा कोड दाखवतो, जास्त असेल तर पी-0234. इथेच घोटाळा होतो. पी-0299 चा अर्थ 'टर्बो गेला' असा नाही. 'मागितला तेवढा दाब मिळाला नाही' एवढाच त्याचा अर्थ आहे. तापमापीने ताप सांगावा, रोग सांगू नये, तसे हे.

मी पाहिलेले जाणते मिस्त्री कोड वाचून थेट टर्बोला हात घालत नाहीत. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवतात आणि सेन्सर किती दाब दाखवतो ते आधी पाहतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो. परभणी चारशे मीटरच्या आसपास असल्याने इथे आकडा 96-97 च्या जवळ हवा. तो भलताच आला तर सेन्सरच खोटे बोलतो. नंतर एअर फिल्टर, कारण काळ्या रानाची धूळ आणि हंगामातला कापसाचा तंतू त्याला लवकर कोंडतात. मग इंटरकूलरचे होज पाइप. जोडावर तेलकट ओल आणि जोर लावताना 'फुस्स' आवाज असेल तर हवा तिथेच निसटते. शंका राहिली तर कॉम्प्रेसरने बेताची हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी सोडतात. पंक्चरवाल्याचीच ही विद्या! त्यानंतर हातपंपाने व्हॅक्यूम देऊन ॲक्च्युएटरचा दांडा सरकतो का आणि टिकून राहतो का, हे पाहतात. दांडा अडला तर पात्यांवर काजळी बसलेली असू शकते, आणि पाती मिटल्या स्थितीत अडकली तर उलट दाब वाढतो. एवढे झाल्यावर टर्बोच्या दांड्याची ढिलाई तपासायची पाळी येते.

हा क्रम स्वस्तातून महागाकडे जातो. त्याच्या उलट दोन वाटा आहेत. एक, कोड दिसताच टर्बो बदलणे. नळी फाटकीच राहिल्याने नवा टर्बोही तीच तक्रार घेऊन परत येतो. दुसरी, वेस्टगेटचा दांडा आवळून दाब जबरीने वाढवणे. गाडी काही दिवस पळते, पण हवा कुठे निसटते ते कळत नाही आणि इंजिनाचे संरक्षण जाते. जेटफायरच्या मालकांनी झडपेवरचा राग टर्बोवर काढला. इथे तर झडपच निकामी केली जाते.

ऊस वाहणाऱ्याला किंवा सवारी भरणाऱ्याला गाडी आठवडाभर उभी ठेवणे परवडत नाही, म्हणून निदानाचा हा क्रम जिल्ह्यातल्या शेकडो घरांच्या मिळकतीशी बांधलेला आहे. तो आज मिस्त्रीच्या कानात, बोटांत आणि त्याच्या हाताखालच्या पोरांच्या आठवणीत आहे. कंपनीच्या पुस्तकात कोडचा तक्ता असतो, पण मानवतचा कापूस किंवा मे महिन्याचे ऊन त्यात नसते. आयटीआयच्या मुलांनी अशा मिस्त्रींकडे बसून एकेका गाडीची हकिकत मराठीत लिहून काढली, तक्रार काय होती, आधी काय तपासले, शेवटी दोष कुठे निघाला, तर आपल्या भागाचा यंत्र-इतिहास तिथून सुरू होईल.