नाव देणे आणि नावे ठेवणे

बोईसर स्थानकावर उतरून सालवडकडे यावयाचे म्हणजे कारखान्यांच्या पाट्या वाचीत यावयाचे. नावे नाना तऱ्हेची. पत्ता मात्र बहुतेक ठिकाणी एकच, ‘तारापूर औद्योगिक वसाहत’. आता तारापूर म्हणजे समुद्रकाठचे ते जुने गाव. पोर्तुगीजांचा किल्ला तेथे आहे आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला. ते गाव येथून काही मैल दूर. कारखाने ज्या जमिनीवर उभे आहेत ती सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या गावांची. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६९ साली अणुवीज केंद्र चालू झाले, तारापूर हे नाव देशभर झाले, आणि वसाहतीलाही तेच चिकटले. शेतांना, बांधांना, ओहोळांना जी नावे होती त्यांच्या जागी भूखंडांचे क्रमांक आले. सरकारी नकाशाला क्रमांक सोयीचे, हे आम्हांसही मान्य आहे.

परंतु नाव देणे ही केवळ सोय आहे काय? बायबलाच्या पहिल्याच ग्रंथात, ‘उत्पत्ती’मध्ये, याचा विचार आला आहे. तेथे ईश्वर शब्दाने सृष्टी निर्माण करतो. प्रकाशाला दिवस आणि अंधाराला रात्र म्हणतो. पण पशुपक्षी घडविल्यावर त्यांना नावे देण्याचे काम तो स्वतः करीत नाही. ते तो माणसावर सोपवितो आणि माणूस काय नाव देतो ते पाहतो. निर्मितीत माणसाला मिळालेला हा पहिला वाटा. त्याच्या थोडे आधी माणसाला बागेत ठेवल्याचे सांगितले आहे, कशासाठी, तर तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मूळ हिब्रूत मशागतीसाठी जो शब्द आहे त्याचाच दुसरा अर्थ सेवा करणे असा होतो. आदाम हे नावही मातीवाचक ‘अदामा’ या शब्दाशी जोडलेले. तेव्हा आधी सेवा व राखण, मग नाव, असा तेथला क्रम आहे. पुढे बाबेलचा बुरूज बांधणारे लोक येतात. ते विटा भाजतात, कामाची धडाडी दाखवितात, पण त्यांना नाव हवे असते ते स्वतःचे! धंद्याच्या इतिहासात या दोन्ही जातींची माणसे भेटतात.

महाराष्ट्रात हा क्रम कोणी कामात उतरविला असे विचारल्यास आम्ही पंडिता रमाबाईंकडे बोट दाखवू. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही नावे त्यांना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिली; १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. नावाचे ओझे काय असते हे त्यांना ठाऊक होते. १८८९ साली मुंबईस त्यांनी विधवांसाठी शाळा काढली तिचे नाव ‘शारदा सदन’. पुढल्या वर्षी ती पुण्यास गेली, आणि १८९३ साली मोठा गहजब झाला. मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत आहे असा बोभाटा झाला, ‘केसरी’ने कडक टीका केली, रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. नाव सरस्वतीचे आणि आत प्रार्थना येशूची, हा लोकांच्या मनातला सल होता. तो अगदीच पोकळ होता असे आम्हांस म्हणवत नाही. पाटी आणि घर यांत अंतर पडले की लोक नावे ठेवणारच.

बाईंचा व्यवहार या प्रसंगानंतर अधिकच दिसून येतो. अमेरिकेतील मंडळाने मदत कबूल केली होती ती दहा वर्षांची. ती मुदत संपल्यावर काय, म्हणून त्यांनी दौंडजवळ केडगावास जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लावली. हेतू असा की बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे. तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातून त्यांनी निराधार बायकामुली आणल्या आणि बागेच्या जागी वस्ती झाली, ‘मुक्ती’. तेथे शेती, दूधदुभते, विणकाम आणि छापखाना, सर्व बायकांच्या हातचे. घरांची नावे पाहा: समाज जिला पतिता म्हणे तिच्यासाठी ‘कृपा सदन’, म्हाताऱ्या व अपंगांसाठी ‘प्रीती सदन’, आंधळ्यांसाठी ‘बार्तीमी सदन’. बार्तीमी हा शुभवर्तमानातला आंधळा भिकारी. लोक त्याला गप्प बस म्हणत होते, आणि येशूने त्याला बोलावून घेतले. घराला उणिवेचे नाव न देता, आत जे मिळावयाचे त्याचे नाव देणे, ही साधी गोष्ट नव्हे. तसे नाव एकदा लावले की रोज सकाळी ते पाळावे लागते.

बाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले, खेड्यातल्या बाईस समजावे म्हणून. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी, सारे मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. आदामाने नावे दिल्याची ओळ त्या छापखान्यात कोणा दुष्काळातून वाचलेल्या मुलीने एकेक खिळा लावून जुळविली असेल, हे मनात आले की आम्ही क्षणभर थांबतो.

आता पुन्हा सालवड. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या मानाने जी क्रमवारी लावली तीत तारापूर पहिले होते. म्हणजे बदनामी किल्ल्याच्या गावाला आणि वास मात्र सालवडला! बाहेरचा माणूस तारापूर म्हणून हळहळतो. सालवड हे नाव त्याने ऐकलेलेही नसते. पोटासाठी हे कारखाने हवेत, आपली मुले तेथेच कामाला जातात, हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच एक साधी विचारणा करावीशी वाटते. कारखान्याचे जे मालक वा व्यवस्थापक येथे व्याख्यान ऐकावयास आले असतील, त्यांनी उद्या सकाळी आपल्या फाटकावरील म्हाताऱ्या पहारेकऱ्याला विचारावे, की आपला भूखंड पूर्वी कोणाचे शेत होते, त्या शेतास काय म्हणत, आणि मागून जो ओहोळ वाहतो त्याचे नाव काय.