निशिगंध : एका नावाचे वय

शिरूर-दौंडकडे पाऊस थोडा व हिवाळा सौम्य. म्हणून गुलछडीचा कंद एकदा लावला की तीनेक वर्षे शेतातच राहतो. जेथे जमीन गोठते अशा प्रदेशांत तो दर वर्षी थंडीपूर्वी उपटून घरात ठेवावा लागतो. या मातीत इतके मुरलेले झाड परके वाटत नाही. बाजारात ती गुलछडी. ग्रंथात मात्र निशिगंध. ‘निशि’ ही सप्तमी राखणारा हा अलुक् समास पाहून फूल प्राचीन भारतीय असावे, असे अनुमान अभ्यासक सहज करतो. ते चुकीचे होय. ही वनस्पती मूळची मेक्सिकोची. १४९२ पूर्वी ती आपल्याकडे असणे संभवत नाही. फारसी ‘गुल-इ-शब्बू’ म्हणजे रात्री दरवळणारे फूल. त्यावरून मराठीत ‘गुलछबू’ आले, आणि ‘निशिगंध’ हा मला त्याच कल्पनेचा संस्कृत अनुवाद वाटतो. ‘गुलछडी’त पहिले पद फारसीच राहिले, दुसऱ्यात, बहुधा फुलाचा उंच दांडा पाहून, ‘छडी’ शिरली. इंग्रजांचीही अशीच फसगत झाली आहे : त्यांच्या ‘ट्यूबरोज’मध्ये गुलाब मुळीच नाही, ‘कंदयुक्त’ या अर्थाचे ‘ट्यूबरोसा’ हे लॅटिन विशेषण तेवढे आहे.