एच-टू-एस कुपी

पिण्याच्या पाण्यात विष्ठेतून आलेले जिवाणू आहेत का, हे गावातच ताडण्याची स्वस्त चाचणी. मांजा, मौर्य व राव या भारतीय संशोधकांनी ती १९८२ मध्ये मांडली. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबेला ठेवतात. जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू कुपीतल्या लोहक्षाराशी संयोग पावतो आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडते. यंत्र नको, डोळे पुरेत. भंडारा जिल्ह्यात तिची गरज उघड आहे : नागपूरचे सांडपाणी नाग व कन्हान नद्यांवाटे वैनगंगेत येऊन पवनी तालुक्यातील गोसीखुर्द जलाशयात साठते. जलजीवन मिशनमध्ये (२०१९) गावोगावच्या महिलांना पाणी तपासायला शिकवतात. फ्लोराइड मात्र या कुपीला दिसत नाही. त्यासाठी वेगळा संच लागतो.